कल्पतरू आणि देवचार : फादर स्टीफन्स यांचा भूमिपरिचय

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा उल्लेख मराठीत बहुधा एकाच निमित्ताने होतो. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या मोजक्या ओव्या पाठ्यपुस्तकांतून, व्याख्यानांतून आणि समारंभांतून इतक्या वेळा म्हटल्या गेल्या आहेत की, उरलेल्या सुमारे अकरा हजार ओव्या त्यांच्या छायेत झाकून गेल्या. एका इंग्रज धर्मोपदेशकाने आपल्या भाषेस दिलेले प्रशस्तिपत्र म्हणून आपण त्या वाचतो, समाधान पावतो आणि ग्रंथ मिटून ठेवतो. या समाधानात गैर काही नाही. परंतु टीकाकाराने विचारावयाचा प्रश्न त्यामुळे मागे राहतो. परक्या देशातून आलेला आणि मग याच भूमीत देह ठेवणारा हा मनुष्य तिला कितपत ओळखू शकला? ती ओळख त्याला कोणत्या वाटेने झाली, आणि ती कोठे येऊन थांबली? स्तुती हा ओळखीचा पुरावा नव्हे. पाहुणाही घराची स्तुती करतो. किंबहुना पाहुणाच ती अधिक करतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार दोन शब्दांच्या आधारे करावयाचा आहे. ‘कल्पतरू’ हा एक. तो त्या सुप्रसिद्ध ओव्यांत येतो. दुसरा ‘देवचार’, तो सैतानाचा वाचक म्हणून ग्रंथात वावरतो आणि समारंभांत त्याचे नाव कोणी काढीत नाही. या दोहोंपैकी दुसऱ्या शब्दातच स्टीफन्स यांचा भूमिपरिचय अधिक खोल दिसतो, असे आमचे मत आहे. ते मत पचावयास थोडे जड आहे, याची जाणीव ठेवूनच पुढील विवेचन केले आहे.

प्रथम चरित्राचा आवश्यक तेवढा भाग पाहू. विल्टशायर परगण्यात 1549 च्या सुमारास जन्मलेल्या स्टीफन्स यांनी 1575 मध्ये रोम येथे जेझुइट संघात प्रवेश केला. 4 एप्रिल 1579 रोजी ते लिस्बनहून निघाले व त्याच वर्षी 24 ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. त्यानंतर 1619 मध्ये मृत्यू येईपर्यंतची चाळीस वर्षे, मुख्यतः गोव्यातील साष्टी प्रांतात, त्यांनी काढली. मायदेशी ते परत गेले नाहीत.

गोव्यास उतरल्यावर पंधरवडा-तीन आठवड्यांच्या आतच, 10 नोव्हेंबर 1579 रोजी, त्यांनी वडिलांना पत्र लिहिले. हे पत्र पुढे हॅक्लुइटच्या प्रवाससंग्रहात छापले गेले. त्याचा बहुतेक भाग समुद्राने व्यापला आहे. वारे, पक्षी, मासे, होकायंत्राचे विचलन, पूर्व-पश्चिम प्रवासात आकाशात एकही स्थिर खूण नसल्याने येणारी अडचण, या साऱ्याचे वर्णन त्यात मोठ्या बारकाईने केलेले आहे. भूमीसंबंधी मात्र अखेरीस चार ओळी येतात. माणसांचा वर्ण व वस्त्रे यांवर एक दृष्टिक्षेप पडतो. चांगले पाणी, ताडामाडाची दारू व नारळ यांचा पेय म्हणून उल्लेख होतो. आणि येथील झाडांविषयी ते म्हणतात की, द्राक्षवेल सोडली तर युरोपात पाहिलेले एकही झाड येथे आढळले नाही, आणि ती वेलही येथे व्यर्थच वाढते. हे वाक्य नीट पाहिले पाहिजे. त्यात तुच्छता नाही, कौतुकही नाही. डोळा ओळखीचे काही शोधत आहे व ते न सापडल्याची नोंद करीत आहे, इतकेच. नव्या भूमीत आलेल्या माणसाची पहिली अवस्था याहून प्रामाणिकपणे सांगितलेली क्वचितच आढळेल. येथील झाडांना त्याच्या लेखी अद्याप नावेच नाहीत. जी आहेत ती ‘तेथे नसलेली झाडे’ आहेत.

यानंतर सुमारे चार वर्षांनी, 24 ऑक्टोबर 1583 रोजी, त्यांनी आपला भाऊ रिचर्ड यास लॅटिनमध्ये पत्र लिहिले. आता डोळ्यांची जागा कानांनी घेतली आहे. या प्रदेशातील भाषांचे उच्चार कानास गोड लागतात, त्यांची घडण ग्रीक व लॅटिन यांसारखी आहे, वाक्यरचना विलक्षण आहे, आणि अक्षर हे केवळ वर्णाचे चिन्ह नसून पूर्ण उच्चारघटकाचे चिन्ह आहे, अशी निरीक्षणे ते करतात. संस्कृत व युरोपीय भाषांच्या नात्यासंबंधी विल्यम जोन्सचे सुप्रसिद्ध व्याख्यान 1786 मधील आहे. त्याच्या दोनशे वर्षे आधी साष्टीतल्या एका पाद्र्यास हे साम्य जाणवले, याचा उल्लेख भाषाशास्त्राच्या इतिहासात होतो. आम्हांस येथे दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. 1579 मध्ये जो ‘येथे आमच्याकडचे काहीच नाही’ असे लिहितो, तोच 1583 मध्ये ‘येथली भाषा आमच्याकडच्या अभिजात भाषांसारखी आहे’ असे लिहितो. वनस्पतीत न सापडलेली ओळख व्याकरणात सापडली. परक्या भूमीत पाय टेकविण्यास त्यास पहिली जागा मिळाली ती भाषेत.

परंतु त्याच पत्राचा मोठा भाग कुंकळ्ळीच्या प्रकरणास वाहिलेला आहे, हे विसरून चालणार नाही. जुलै 1583 मध्ये साष्टीतील कुंकळ्ळी येथे रोदोल्फो आक्वाव्हिवा व त्यांचे चार सहकारी जेझुइट गावकऱ्यांच्या हातून मारले गेले. साष्टीतील देवळे 1567 मध्ये मोठ्या प्रमाणावर पाडली गेली होती. धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, गोव्यात 1560 पासून चालू होते. कुंकळ्ळीच्या क्षोभामागे हे सारे होते. पुढे गावच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळणे येथील किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. भाषेच्या गोडव्याची नोंद आणि या रक्तपाताची हकीगत एकाच पत्रात, एकाच हाताने लिहिलेली आहे. स्टीफन्स यांच्या भूमिपरिचयाचे हे मूळचेच दुहेरी रूप आहे. ते सोडवून एक धागा वेगळा काढण्याचा मोह टीकाकाराने आवरला पाहिजे.

याच वर्षाच्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी इत्यादी इंग्रज व्यापारी गोव्यात कैद झाले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी जामीन मिळवून देण्यास स्टीफन्स यांनी साहाय्य केले. देशबांधव म्हणून ते धावून गेले हे खरे. पण ते ज्या रीतीने उपयोगी पडले ती येथल्या माणसाची रीत होती. चार वर्षांत ते पाहुण्याच्या बाजूचे राहिले नव्हते.

आता ग्रंथाकडे वळू. ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राशोल (रायतूर) येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याचे दोन भाग आहेत. ‘पहिले पुराण’ हे छत्तीस ‘अवस्वरूं’चे असून त्यात जुन्या कराराची कथा येते, ‘दुसरे पुराण’ एकोणसाठ अवस्वरूंचे असून त्यात ख्रिस्तचरित्र आहे. ओव्यांची एकूण संख्या 10,962 भरते. पोर्तुगीज शीर्षकात हा ग्रंथ ख्रिस्ताच्या आगमनावरील ‘प्रबंध’ आहे. आत मात्र तो स्वतःस ‘पुराण’ म्हणवितो. धर्माधिकाऱ्यांसाठी एक नाव आणि श्रोत्यांसाठी दुसरे, ही योजनाच बरेच काही सांगून जाते.

भाषेची निवड हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत स्टीफन्स यांनी आपली भूमिका स्पष्ट केली आहे. देवाच्या गोष्टी सांगण्यास या भागांतील भाषांत मराठी योग्य. पण निव्वळ मराठी मध्यम प्रतीच्या लोकांस कळत नाही, म्हणून पूर्वीच्या कवींचे अवघड शब्द टाळून, चालू बोलीतील सोपे शब्द मिसळून रचना केली आहे, असा तिचा आशय आहे. त्यांनी व्याकरण लिहिले ते मात्र त्या बोलीचे, म्हणजे कोकणीचे. त्यांच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि भारतीय भाषेचे छापून निघालेले पहिले व्याकरण म्हणून ते मानले जाते. ख्रिस्ती धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरीही (1622) त्यांनी बोलीतच केली. घरात बोलावयाची वाणी एक आणि देवळाच्या सभामंडपात पुराणिकाच्या तोंडून ऐकावयाची वाणी दुसरी, ही साष्टीची रीत त्यांनी अचूक हेरली होती. कोकणी-मराठीच्या आधुनिक वादात दोन्ही पक्ष स्टीफन्स यांस साक्षीस बोलावतात. त्यांना स्वतःला तो वाद ठाऊक नव्हता; त्यांना ठाऊक होता तो श्रोता, आणि श्रोत्याचा एक कान घरचा व एक कान देवळातला असतो, हे त्यांनी ओळखले होते. पुस्तकी व्यासंगाने एवढे कळत नाही. त्यासाठी माणसांत बसावे लागते.

आता त्या कीर्तिमंत ओव्यांकडे येऊ. त्यांत मराठीची तुलना अनेक श्रेष्ठ वस्तूंशी केली आहे : खड्यांतील रत्न, फुलांतील मोगरा, सुगंधांतील कस्तुरी, पक्ष्यांतील मयूर, वृक्षांतील कल्पतरू, ताऱ्यांतील बारा राशी. ‘अमक्यांमध्ये तमके’ ही मांडणी मराठी वाचकास नवी नाही. भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायातील विभूतिविस्ताराचा हाच साचा आहे आणि ज्ञानेश्वरीने तो घरोघर पोहोचविला. फरक असा की, गीतेत वृक्षांत अश्वत्थ व पक्ष्यांत गरुड येतो. येथे त्यांच्या जागी कल्पतरू व मयूर आले आहेत. विष्णुवाहन गरुड वगळणे जाणीवपूर्वक असेलच असे नाही, आणि मयूर हेही कोणाचे तरी वाहन आहेच! पण साचा घेताना आतला ऐवज बदलला गेला आहे, एवढे निश्चित. शिवाय गीतेत ज्या स्थानी परमेश्वर स्वतः आहे, त्या स्थानी येथे भाषा बसली आहे.

या वस्तूंची यादी आणखी एका दृष्टीने पाहण्याजोगी आहे. मोगरा व मोर स्टीफन्स यांनी पाहिले असतील. कस्तुरी दूर उत्तरेच्या डोंगरांतून येणारा व्यापारी जिन्नस. तिचा वास घेतला असेल, मृग पाहिला नसेल. कल्पतरू मात्र त्यांनी पाहिला नाही, आणि कोणीच पाहिला नाही. तो पुराणांत उगवतो. ज्याने 1579 मध्ये द्राक्षवेल सोडली तर युरोपात पाहिलेले एकही झाड येथे आढळले नाही असे लिहिले, त्याने 1616 मध्ये सर्व वृक्षांत श्रेष्ठ म्हणून निवडला तो मातीत नसलेला, परंपरेत असलेला वृक्ष. याचा अर्थ तो या देशाच्या कल्पनासृष्टीत इतका रुळला होता की तेथली झाडे त्यास खऱ्या झाडांइतकीच सहज सुचत होती. कोकणात माडालाच कल्पवृक्ष म्हणण्याची रूढी आहे. वडिलांच्या पत्रात निव्वळ पेय म्हणून आलेला माड असा कवितेत नव्या नावाने परतला, असे म्हणण्याचा मोह होतो. त्या ओवीचा ओघ पाहता तेथे स्वर्गीय वृक्षच अभिप्रेत आहे, म्हणून हा मोह आम्ही आवरतो.

परंतु कल्पतरू इंद्राच्या स्वर्गातला. ज्या देवतासमूहाचे खंडन करण्यासाठी हे पुराण रचले, त्याच समूहाच्या उद्यानातून उपमान आणावयाचे, यात कवीस काही विसंगती वाटलेली दिसत नाही. ‘वैकुंठ’ या शब्दाचेही तसेच. ख्रिस्ती स्वर्गासाठी स्टीफन्स सर्रास ‘वैकुंठ’ वापरतात. विष्णूचे निवासस्थान रिकामे करून तेथे आपल्या प्रभूची स्थापना करतात. दुसऱ्या बाजूस बाप्तिस्म्यासारखे संस्कार, संतांची बिरुदे, त्रैक्याशी निगडित पदे इत्यादी ठिकाणी लॅटिन-पोर्तुगीज शब्द तसेच ठेवण्याकडे त्यांचा कल आहे. तेथे पंथाची शिस्त आड येते. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

‘देवचार’ या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. तो ना पुराणांतून घेतलेला आहे, ना पोर्तुगीजांतून. तो साष्टीच्या शेताबांधावरचा शब्द आहे. गोव्यातील व दक्षिण कोकणातील हिंदू गावकऱ्यांच्या श्रद्धेत देवचार म्हणजे गावाचा अदृश्य राखणदार. तो रात्री सीमेवरून फिरतो, चुकलेल्यास वाट दाखवितो, अवमान झाल्यास कोपतो. त्यास रोट, विडी, माडाची दारू देण्याची चाल आहे. त्याच्या नावात ‘देव’ आहेच. हा राखणदार ‘ख्रिस्तपुराणा’त सैतान झाला. ख्रिस्ती कोकणीत आजही ‘देवचार’ म्हणजे सैतानच. शेजारच्या हिंदू वाड्यावर तोच शब्द रक्षकाचा. एका गावात, एका बोलीत, एक शब्द दोन विरुद्ध अर्थांनी चारशे वर्षे नांदत आला आहे.

हा शब्द या अर्थी स्टीफन्स यांनीच प्रथम योजला, असा आमचा दावा नाही. मिशनच्या बोलीत तो त्यांच्याआधी रुळला असणे संभवते. पण कवीने तो स्वीकारला, आणि स्वीकारताना त्याच्यापुढे पर्याय होते. असुर, दैत्य, राक्षस, पिशाच असे कितीतरी शब्द पुराणकाराच्या हाताशी असतात. त्यांनी अर्थ भागला असता. भीती भागली नसती. सायंकाळी शेतावरून परतणाऱ्या कुणब्यास हिरण्यकशिपूचे भय वाटत नाही. बांधावर कोणी उभे असेल तर तो देवचार. पापाचा अधिपती श्रोत्याच्या अंगणापर्यंत आणावयाचा, तर त्याला अंगणातलेच नाव हवे, हे ज्यास उमगले त्यास ही भूमी नुसती आवडली नव्हती, कळली होती.

येथेच दोन शब्दांतील भेद उलगडतो. वैकुंठ घेता आले, कल्पतरू घेता आला, कारण ते दूरचे होते. वैकुंठात कोणी आज रात्री रोट ठेवणार नव्हते. जे ग्रंथात राहते त्यातील जुना अर्थ काढून नवा भरता येतो. थोडे अलंकारशास्त्र व थोडे धैर्य पुरते. जे बांधावर राहते ते रिकामे होत नाही. त्याला स्वीकारावे लागते किंवा उलटे टांगावे लागते. म्हणून स्टीफन्स यांची उदारता त्यांच्या ज्ञानाच्या दूरच्या टोकाला दिसते आणि कठोरता जवळच्या टोकाला. जेथे ओळख सर्वांत जास्त, तेथेच सर्वांत मोठा नकार. नव्या देशाची संस्कृती समजून घेण्याविषयी आपण सहजपणे असे धरून चालतो की, ज्ञान वाढले की सहानुभूतीही त्याच प्रमाणात वाढते. ‘ख्रिस्तपुराण’ या गृहीतकास आधार देत नाही.

यावर कोणी असे म्हणेल की, मग हा सारा व्यासंग धर्मांतराचे साधन होता. त्याला भूमिपरिचय म्हणू नये. हा आक्षेप हलका नाही. स्टीफन्स साष्टीत आले त्याच्या काही वर्षे आधी कुशस्थळीचा मंगेश व केळशीची शांतादुर्गा नदीपलीकडे आदिलशाही मुलखात, फोंड्याच्या अंत्रूज महालात, नेण्यात आली होती. एक इंग्रज साष्टीत नवे घर वसवीत असता साष्टीचे देव प्रियोळ व कवळे येथे नवे घर वसवीत होते, आणि त्यांच्यामागून गेलेले भक्तही. ज्या भूमीची ओळख करून घ्यावयाची, तिचा एक भाग तेथून हलला होता, आणि तो हलविणारी सत्ता स्टीफन्स यांच्या पाठीशी उभी होती.

हे ग्रंथाबाहेरून आणून चिकटविलेले नाही, हे येथे सांगितले पाहिजे. ते ग्रंथाच्या आरंभीच आहे. पाद्री-गुरू ख्रिस्ती मतांचा उपदेश करीत असता एक ब्राह्मण त्यांस प्रश्न करतो : आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांस तसेच काही का देत नाही? सबंध ग्रंथ या प्रश्नाचे उत्तर म्हणून उभा आहे. शिष्याने विचारावे व गुरूने सांगावे, ही आपल्या पुराणांची जुनी चौकट. परंतु जुन्या पुराणांत शिष्य जिज्ञासेने विचारतो. येथला शिष्य उणीव भासते म्हणून विचारतो. त्याचे काहीतरी काढून घेतलेले आहे. कवीने ही तक्रार दडपली नाही, तिला सौम्य, आर्जवी स्वर दिला एवढेच. आमच्या मते संपूर्ण काव्यात याहून अधिक अर्थपूर्ण जागा नाही. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रामायण-महाभारताच्या कथांची सोळाव्या शतकातील रोमन लिपीत उतरविलेली हस्तलिखिते आहेत. जेझुइटांनी भाषाभ्यासासाठी ती सिद्ध केली. श्रोत्यांना जी पुराणे वर्ज्य, ती उपदेशकांच्या टेबलावर होती. ओवीचे तीन चरण यमकात बांधून चौथा सोडून देण्याची लय कोठून आली, याचा शोध घेताना ही परिस्थिती दृष्टीआड करता येणार नाही.

म्हणून आक्षेपाला उत्तर एवढेच देता येईल : साधन होते, हे खरे, पण चाळीस वर्षे वापरलेले साधन वापरणाऱ्याचा हातही घडविते. 1608 च्या डिसेंबरात स्टीफन्स यांनी रोममधील आपल्या संघप्रमुखांस एक पत्र लिहिले, आणि अ. का. प्रियोळकर यांनी 1958 मधील मुद्रणविषयक ग्रंथात त्याची चर्चा केली आहे. या देशाच्या भाषेत व लिपीत पुस्तके छापावीत ही आपली अनेक वर्षांची तीव्र इच्छा आहे. पण युरोपातील चोवीस अक्षरांच्या ठिकाणी येथे सहाशे साचे पाडावे लागतील, म्हणून ते अशक्य वाटत आले, असे ते लिहितात. 1583 मध्ये भावास कौतुकाने कळविलेले अक्षराचे वैशिष्ट्य पंचवीस वर्षांनी एक व्यावहारिक दुःख होऊन समोर आले. धर्मप्रसाराच्या सोयीसाठी रोमन लिपी पुरेशी होती, आणि शेवटी तिच्यातच ग्रंथ निघाला. तरीही त्यास तो देशी अक्षरांत हवा होता. या हव्याशा वाटण्याचा हिशेब केवळ सोयीच्या भाषेत लागत नाही.

पहिल्या तीन आवृत्त्यांची (1616, 1649, 1654) प्रत आज पाहावयास मिळत नाही. गोव्यातून दक्षिण कानड्यात जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ग्रंथाच्या हस्तलिखित नकला जपल्या, आणि त्यांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी 1907 मध्ये मंगळूर येथे तो पुन्हा छापला, अर्थात रोमन लिपीतच. देवनागरीतील छापील प्रत 1956 मध्ये शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने निघाली. लंडन येथील मार्सडेन संग्रहात मात्र एक देवनागरी हस्तलिखित आहे. जस्टिन अॅबट यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यात लॅटिन-पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आढळतात. ते कवीचे मूळ की नंतरच्या लेखकाचे रूपांतर, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आमच्या विभागातील विद्यार्थ्यांनी या दोन पाठांची तुलना हाती घ्यावी, आणि घेताना कल्पतरूच्या ओव्यांपाशी न थांबता ज्या ज्या अवस्वरूत देवचार येतो तेथे तेथे दोन्ही पाठ शेजारी ठेवून पाहावेत.